उरलेल्या नावांचा दिवस

नावदिवसाला इथे कुणी कुणाला बोलवत नाही,
बोलावण्याची वाटही कुणी पाहत नाही.
कॅलेंडरात रोज दोन-तीन नावं छापलेली,
ज्याचं नाव, त्याच्या दारात संध्याकाळी माणसं
विषम संख्येत फुलं घेऊन.
किती, ते शेवटचा जाईपर्यंत कळत नाही.

माझं नाव कॅलेंडरात नाही.
वडिलांनी नदीवरून ठेवलं. वेंता नदी, म्हणून वेंतिया.
नोंदणीतली बाई म्हणाली, असं नाव नसतं.
वडील म्हणाले, लिहा, म्हणजे असेल.
छापायच्या राहून गेलेल्यांना बावीस मे दिलाय,
मागाहून आलेल्यांची शेवटची पंगत.

आज बावीस.
पहाटे पाच-चाळीसची रीगा बस नेली, आणली.
विटांच्या पुलावर ही गर्दी,
धबधब्यावरून मासे उलटे उड्या मारतात ते बघायला.
हॉर्न दिला. कुणी हललं नाही.
अडीचला स्टिअरिंगवरचे हात ओट्यावर.
आई असती तर आदल्या रात्रीच
यीस्टचं पीठ पांघरुणात निजवलं असतं,
दोनदा उठून पाहिलं असतं, तापातल्या मुलासारखं.
मी दुकानातलं घेते. लाटलेलं, गोठवलेलं, शंभर पदरांचं.
आई, तू तिकडे काहीही म्हण,
पिराग म्हणजे शेवटी पोटात काय आहे ते.

धुरावलेलं डुकराचं मांस मसुरीएवढं चिरायचं.
इथे मात्र सवलत नाही.
कुल्डीगात बाईची पारख अजून सुरीवर होते,
बारा मीटरची बस मी गल्लीतून मागे घेते
ते कुणी मोजत नाही.
कांदा तेवढाच. मिरी जरा जास्त.
मीठ नको, मांस स्वतःच पुरेसं बोलतं.
पेल्याच्या काठाने चकत्या. मध्ये चमचाभर,
चमचाभरच. लोभ केला की मुरड सुटते
आणि पोटातलं ओठावर येतं.
वर अंड्याचा हात. दोनशे अंश, वीस मिनिटं.

कातरण उरतं. ते मळायचं नाही.
मळलं की पदर मरतात.
तुकड्यावर तुकडा ठेवायचा, अलगद दाबायचा, लाटायचा,
त्यातून आणखी सहा निघतात. वाकडे.

पाचला डेपोतला इल्मार्स आला, तीन ट्यूलिप.
मग वरच्या मजल्यावरची ऑस्मा,
स्वतःचं लोणी घेऊन, माझ्या लोण्यावर विश्वास नाही म्हणून.
मग तिची बहीण. बहिणीचा कुत्रा.
चोवीस होते. सातला ताटात दोन,
आणि वाकडे सहा ओव्हनमध्ये.

दार वाजलं.
चौथ्या रांगेतला, खिडकीकडचा.
अकरा महिने रोज पाच-चाळीसला चढतो,
तिकीट दाखवतो, टुकुम्सला उतरतो, एक शब्द नाही.
हातात रानातली पांढरी घंटाफुलं.
मी सवयीने मोजली, सात काड्या.
म्हणाला, माझंही नाव छापलेलं नाही.
एवढंच. आणि बूट काढून आत आला.

ह्या सगळ्यात ओव्हन विसरले.
सहाही खालून काळे, आणि धड फुगलेलेही नाहीत.
त्याने एक उचलला तो उचललाच.
मी नाव विचारलं, तेव्हा तोंडात उकळता घास.
हा-हू करत तो काहीतरी म्हणाला,
दोन अक्षरं, की तीन. शेवटी स होता,
पण इथे बहुतेक पुरुषांच्या शेवटी स असतोच.
ऑस्मा हसली, कुत्रा भुंकला,
मला पुन्हा विचारायची लाज वाटली.

आता भांडी घासून झाली.
काळपट उरले तीन, कागदात बांधून
बसच्या किल्लीशेजारी ठेवलेत.
उद्या पाच-चाळीस.
गार असतील. बोलता येईल.